अपग्रेडनंतर स्वतः लिहिलेलं प्लगइन डेटाबेसला जोडत नसेल तर

रात्री अपग्रेड पूर्ण झालं. सकाळी वेबसाइट उघडली तर मुखपृष्ठ नीट दिसलं, बातम्या दिसल्या. ‘पुस्तक शोधा’वर क्लिक केलं आणि पांढऱ्या पानावर एकच ओळ आली: डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही.

मी एका सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट सांभाळतो. ती वर्डप्रेसवर आहे. पुस्तकांच्या नोंदींसाठी आम्हीच लिहिलेलं एक प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जादा सोय देणारा छोटा प्रोग्रॅम, तिला जोडलं आहे. हे प्लगइन वर्डप्रेसच्या डेटाबेसला हात लावत नाही, पुस्तकांची यादी आणि देवघेवीच्या नोंदी वेगळ्या डेटाबेसमधून वाचतं. त्या वेळी आम्ही सर्व्हर उबंटू १८.०४ वरून २०.०४ वर आणि तिथून २२.०४ वर नेला होता. त्याबरोबर डेटाबेस चालवणारं मायएसक्यूएल ५.७ चं ८.० झालं आणि वर्डप्रेस व प्लगइन ज्या भाषेत लिहिलेलं आहे ते पीएचपी ७.२ चं ८.१ झालं. एका रात्रीत इतकं बदलल्यावर दोष कुठे शोधायचा, हे मला कळेना. पहिला हात गेला पासवर्डकडे. तो बदलला, पुन्हा बदलला, नवीन युजर केला. दोन तास गेले आणि शेवटी कळलं की पासवर्डचा यात काही संबंधच नव्हता.

असे दोन तास तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे. ‘कनेक्शन एरर’ या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. प्लगइनची हाक डेटाबेसच्या सर्व्हरपर्यंत पोचली का? हाक मारायला लागणारा ड्रायव्हर, म्हणजे पीएचपीला मायएसक्यूएलशी बोलू देणारा भाग, जागेवर आहे का? पोचल्यावर ओळख पटली का? आणि ओळख पटल्यावर दोघांची बोली जुळली का? गाडी यातल्या कुठल्या स्टेशनावर अडली आहे हे आधी ठरवा. त्याआधी काहीही बदलू नका.

एक सूचना. कमांड, फाइली आणि सेटिंगांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

पायरी १: आहे त्या स्थितीचा बॅकअप

साइट बंद पडली असताना बॅकअप घ्यायला मन तयार होत नाही, तरी घ्याच. मायएसक्यूएलडंप वापरून प्लगइनच्या डेटाबेसची प्रत, म्हणजे डंप, काढा. प्लगइनचं फोल्डर आणि मायएसक्यूएलच्या सेटिंगच्या फाइलीही बाजूला कॉपी करून ठेवा. याला एक ठोस कारण आहे. मायएसक्यूएल ८.० ने एकदा डेटा आपल्या पद्धतीने बदलून घेतला की तीच डेटाची फोल्डरं घेऊन ५.७ वर परत जाता येत नाही. मागे फिरायचं तर अपग्रेडच्या आधी काढलेला डंपच लागतो. तो तुमच्याकडे असेल तर तो कुठे आहे हे आत्ताच बघून ठेवा.

पायरी २: खरा संदेश शोधा

पानावर दिसणारी ‘संपर्क होऊ शकला नाही’ ही ओळ प्लगइन लिहिणाऱ्याने वाचकासाठी लिहिलेली असते. सर्व्हर काय म्हणाला ते तिच्यामागे राहून जातं. तुम्हाला सर्व्हरचे शब्द आणि एररचा आकडा हवा आहे.

वर्डप्रेस असेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूपी_डीबग आणि डब्ल्यूपी_डीबग_लॉग हे दोन्ही ट्रू करा आणि डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले फॉल्स ठेवा. म्हणजे चुका पानावर न दिसता डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरातल्या डीबग.लॉग या फाइलमध्ये जमा होतील. बऱ्याच सर्व्हरांवर ही फाइल ब्राउझरमधून कोणालाही उघडता येते, त्यामुळे काम संपताच ती पुसायची आहे. दुसरी जागा म्हणजे पीएचपीचा स्वतःचा लॉग. तिसरी मायएसक्यूएलचा एरर लॉग. उबंटूवर तो व्हार, लॉग, मायएसक्यूएल या फोल्डरांच्या साखळीत मिळतो.

यातूनही काही मिळालं नाही तर प्लगइनचा कोड उघडा आणि ट्राय-कॅचचा, म्हणजे चूक झाल्यास ती पकडणारा, भाग शोधा. बहुतेक वेळा कॅचमध्ये आलेला खरा संदेश तिथेच टाकून दिलेला असतो. तो लॉगमध्ये लिहिणारी एक ओळ घाला.

मदतीसाठी लॉग कोणाला पाठवणार असाल तर आधी तो डोळ्यांखालून घाला. पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये कनेक्शन फसल्यावर जो स्टॅक ट्रेस (चूक होईपर्यंत चाललेल्या फंक्शनांची यादी) छापला जातो, त्यात डेटाबेसचा पासवर्ड जसाच्या तसा येऊ शकतो. ८.२ पासून तो झाकला जातो. आमचं पीएचपी ८.१ होतं आणि आमच्या लॉगमध्ये पासवर्ड आला होता.

हाती आलेला आकडा तुम्हाला स्टेशन सांगतो. २००२ किंवा २००३ म्हणजे हाक पोचलीच नाही. २०५४, २०५९, २०६१ किंवा १५२४ म्हणजे सर्व्हर सापडला, पण ओळख पटवण्याच्या रीतीवर एकमत झालं नाही. १०४५ म्हणजे युजर, होस्ट किंवा पासवर्ड जुळला नाही. १०४४ म्हणजे ओळख पटली, पण त्या डेटाबेसमध्ये जायची परवानगी नाही. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. आकडा नसेल आणि ‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’ किंवा ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ असे शब्द असतील, तर गाडी स्टेशनातून सुटलेलीच नाही, दोष पीएचपीच्या बाजूला आहे.

वाचनालयाच्या साइटवर आला होता १२३१. त्याबद्दल पुढे.

पायरी ३: तीच हाक तीन ठिकाणांहून मारून बघा

पूर्ण लेखात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. प्लगइनमध्ये जो युजर, जो होस्ट, जो पोर्ट आणि जो डेटाबेस लिहिला आहे, अगदी तोच वापरून तीन प्रयत्न करा.

पहिला प्रयत्न टर्मिनलमधून, मायएसक्यूएलच्या क्लायंटने. पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, विचारल्यावर टाइप करा. नाहीतर तो कमांडच्या इतिहासात साठून राहतो.

दुसरा प्रयत्न पाच-सात ओळींच्या पीएचपी फाइलमधून. त्यात फक्त जोडणी करायची, सर्व्हरची आवृत्ती विचारायची आणि छापायची. ही फाइल वेबसाइटच्या फोल्डरबाहेर ठेवून टर्मिनलवरून चालवा. शक्यतो वेबसर्व्हर ज्या युजरने चालतो त्याच युजरने चालवा. उबंटूवर तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असतो.

तिसरा प्रयत्न तीच फाइल ब्राउझरमधून. त्यासाठी ती काही मिनिटं साइटच्या फोल्डरात ठेवावी लागेल. तिचं नाव कोणाला सहज सुचणार नाही असं ठेवा आणि काम होताच पुसा.

पहिलाच प्रयत्न फसला तर दोष मायएसक्यूएलच्या बाजूला किंवा वाटेत आहे, पायरी ४ आणि ६ बघा. पहिला जमला आणि दुसरा फसला तर पीएचपीचा ड्रायव्हर तपासा. दुसरा जमला आणि तिसरा फसला तर टर्मिनलचं पीएचपी आणि वेबसाइटचं पीएचपी वेगळं आहे. तिन्ही जमले तर जोडणीत काहीच बिघाड नाही आणि चूक प्लगइनच्या कोडमध्ये आहे. आमचे तिन्ही जमले होते. ही परीक्षा आधी घेतली असती तर पासवर्डला हातही लागला नसता.

एक खूण आणखी सांगतो. वर्डप्रेस चालू आणि फक्त प्लगइन बंद, असं असेल तर मायएसक्यूएल उभं आहे आणि पीएचपीला त्याच्याशी बोलता येतं, हे वर्डप्रेसनेच दाखवून दिलेलं आहे. मग फरक बघायचा तो प्लगइन आणि वर्डप्रेस यांच्या सेटिंगमधला. युजर कोणता, होस्ट कोणता, जोडणीची पद्धत कोणती.

पायरी ४: हाक पोचतच नसेल तर

२००२ आला की आधी मायएसक्यूएल चालू आहे का ते बघा. सिस्टमसीटीएल स्टेटस मायएसक्यूएल ही कमांड पुरेशी आहे. मोठ्या अपग्रेडनंतर सर्व्हर न उठण्याचं एक नेहमीचं कारण जुन्या सेटिंगच्या फाइलीत असतं. मायएसक्यूएल ८.० मधून क्वेरी कॅश पूर्ण काढून टाकला आहे. तुमच्या फाइलमध्ये क्वेरी_कॅश_साइझ ही ओळ राहिली असेल तर ८.० ‘हे मला माहीत नाही’ म्हणून सुरूच होत नाही. ८.० वरून ८.४ वर जाताना हाच प्रकार डीफॉल्ट_ऑथेंटिकेशन_प्लगइन या ओळीने होतो, कारण ८.४ मध्ये तीही नाही. ८.०.१६ पासून मायएसक्यूएलडी या प्रोग्रॅमला व्हॅलिडेट-कॉन्फिग असा पर्याय आहे. तो सर्व्हर सुरू न करता फाइल वाचतो आणि चुकीची ओळ दाखवतो. नव्या माणसाने ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

सर्व्हर चालू आहे आणि तरी २००२ येतो? मग प्लगइनमध्ये होस्ट काय लिहिला आहे ते बघा. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या जगात ‘लोकलहोस्ट’ आणि ‘१२७.०.०.१’ यांचा अर्थ एक नाही. लोकलहोस्ट लिहिलं की जोडणी नेटवर्कवरून जात नाही, ती डिस्कवरच्या सॉकेट नावाच्या एका फाइलमधून जाते. १२७.०.०.१ लिहिलं की ती पोर्ट ३३०६ वरून जाते. सॉकेटची जागा प्रत्येक सिस्टमवर एकच नसते. उबंटूवर ती व्हार-रन-मायएसक्यूएलडी मध्ये असते, तर रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर व्हार-लिब-मायएसक्यूएल मध्ये. सिस्टम बदलली किंवा पीएचपी वेगळ्या ठिकाणाहून बसवलं, तर पीएचपी जुन्या जागी सॉकेट शोधत बसतं. तपासण्यासाठी होस्ट १२७.०.०.१ करून बघा. जमलं तर सॉकेटच्या जागेचाच प्रश्न आहे, आणि पीएचपीच्या सेटिंगमध्ये सॉकेटचा खरा पत्ता देऊन तो सुटतो.

तुमचं प्लगइन किंवा एक्स्टेंशन (तसाच दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडलेला भाग) नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, लिहिलेलं असेल तर याच शब्दाने आणखी एक घोळ होतो. नोड १७ पासून लोकलहोस्टचा अर्थ आयपीव्ही६ चा पत्ता असा लागू शकतो. सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर ऐकत असेल तर जोडणी नाकारली जाते. तिथेही १२७.०.०.१ लिहून बघावं.

डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर बाइंड-ॲड्रेस (मायएसक्यूएल कुठल्या पत्त्यावर ऐकतं ते सांगणारी सेटिंग), फायरवॉल आणि रेड हॅटच्या घराण्यात एसईलिनक्स (कुठल्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी), या तीन जागा बघा. एसईलिनक्समध्ये वेबसर्व्हरला बाहेरच्या डेटाबेसशी जोडण्याची परवानगी मुळात बंद असते. त्यासाठी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी हा एकच खटका चालू करायचा. पूर्ण एसईलिनक्स बंद करायचा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल, तो घेऊ नका. बाइंड-ॲड्रेस सगळ्या जगाला उघडा करून ३३०६ फायरवॉलमध्ये मोकळा सोडण्याचंही तसंच. एका तासासाठी केलेला बदल वर्षभर तसाच राहिलेला मी पाहिला आहे, आणि त्या मशीनच्या लॉगमध्ये कुठूनकुठून पासवर्ड आजमावले जात होते तेही पाहिलं आहे.

पायरी ५: ड्रायव्हर जागेवर आहे का

उबंटूवर पीएचपीची प्रत्येक आवृत्ती स्वतःचं वेगळं पॅकेज घेऊन येते. ७.२ साठी बसवलेला मायएसक्यूएलचा ड्रायव्हर ८.१ ला चालत नाही. त्यासाठी पीएचपी८.१-मायएसक्यूएल हे पॅकेज लागतं. अपग्रेडमध्ये ते राहून गेलं की ‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’ असं उत्तर येतं. पीएचपी डॅश एम या कमांडने बसवलेल्या मॉड्यूलांची यादी दिसते. तिच्यात मायएसक्यूएलआय आणि पीडीओ_मायएसक्यूएल हे मायएसक्यूएलशी बोलण्याचे दोन मार्ग आहेत का ते बघा. पण ही यादी टर्मिनलच्या पीएचपीची झाली. वेबसाइटसाठी पीएचपी चालवणाऱ्या एफपीएम या प्रोग्रॅमच्या किंवा अपाचे वेबसर्व्हरच्या सेटिंगचं फोल्डर वेगळं असतं, म्हणून तीच तपासणी ब्राउझरमधूनही करा. ड्रायव्हर बसवल्यावर एफपीएम रिस्टार्ट करायला विसरू नका. दिवसभर शोधाशोध करून शेवटी रिस्टार्टच राहिला होता, असं पुष्कळांच्या बाबतीत घडतं.

फार जुनं प्लगइन असेल तर कोडमध्ये मायएसक्यूएल_कनेक्ट हे फंक्शन आहे का ते शोधा. पीएचपी ५.५ मध्येच त्याला निरोपाची सूचना दिली होती आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ७.० मधून ते काढून टाकलं. कुठलंही पॅकेज बसवून ते परत येत नाही. कोड मायएसक्यूएलआय किंवा पीडीओवर न्यावाच लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण करण्यासारखं आहे. त्या काळच्या कोडमध्ये वाचकाने टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीत चिकटवलेला असतो. तिथे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि मजकूर वेगळे पाठवण्याची सुरक्षित पद्धत) आणण्याची ही चांगली संधी समजा.

पीएचपी ८.१ चा एक बदल वर्डप्रेसबाहेर स्वतंत्र चालणाऱ्या स्क्रिप्टांना बाधतो. रात्रीच्या क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणारी आमची थकबाकीची स्क्रिप्ट त्यातच अडकली. आधी मायएसक्यूएलआयची जोडणी फसली की फॉल्स मिळायचं आणि आपण ‘जर जोडणी नसेल तर’ असं लिहून ते सांभाळायचो. ८.१ पासून थेट एक्सेप्शन येतं, ‘जर’पर्यंत कोड पोचतच नाही आणि स्क्रिप्ट जागीच थांबते. उपाय सरळ आहे, जोडणी ट्राय-कॅचमध्ये घ्या. वर्डप्रेस मात्र स्वतः जोडणी करताना हे वर्तन बंद करून ठेवतं. म्हणून तोच कोड प्लगइनमध्ये जुन्यासारखा चालतो आणि क्रॉनमध्ये पडतो. पहिल्यांदा पाहताना माणूस चक्रावून जातो.

एक्स्टेंशन सी किंवा सी++ मध्ये लिहून कंपाइल केलेलं असेल तर गोष्ट निराळी. ५.७ च्या क्लायंट लायब्ररीचा क्रमांक २० होता, ८.० चा २१ आहे. जुनी फाइल २० शोधते, ती मिळत नाही आणि एक्स्टेंशन लोडच होत नाही. एलडीडी ही कमांड त्या फाइलवर चालवली की कुठली लायब्ररी सापडत नाही ते दिसतं. २१ ला २० चं नाव देऊन शॉर्टकट तयार करायचा मोह होतो, तो टाळा. आतल्या रचना बदललेल्या असतात आणि प्रोग्रॅम कधीही मधेच कोसळू शकतो. नव्या लायब्ररीबरोबर पुन्हा कंपाइल करा. तेव्हा माय_बूल हा टाइप सापडत नाही अशी तक्रार येईल. ८.० ने तो काढून टाकला आहे, त्या जागी साधा बूल चालतो. पीएचपीसाठी स्वतः कंपाइल केलेल्या मॉड्यूललाही हाच न्याय. पीएचपीच्या ७.२, ७.४ आणि ८.१ या प्रत्येक आवृत्तीचा मॉड्यूल एपीआयचा क्रमांक वेगळा आहे, आणि न जुळणारं मॉड्यूल पीएचपी आत घेत नाही.

पायरी ६: ओळख पटत नसेल तर

मायएसक्यूएल ८.० ने नव्या युजरसाठी ओळख पटवण्याची रीत बदलली. आधी मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड होती, आता कॅशिंग_शा२_पासवर्ड आहे. इथे नव्या माणसाचा गोंधळ होतो तो असा: जागच्या जागी अपग्रेड केलं तर जुने युजर जुन्याच रीतीवर राहतात आणि बहुधा सगळं चालतं. नव्या मशीनवर ८.० बसवून, डेटा डंपमधून आणून युजर हाताने नव्याने तयार केला, तर तोच युजर, तोच पासवर्ड आणि तोच कोड असूनही जोडणी फसते. कारण नवा युजर नव्या रीतीचा झालेला असतो.

म्हणून आधी मायएसक्यूएलमध्ये ॲडमिन म्हणून शिरा आणि युजरच्या टेबलातून युजर, होस्ट आणि प्लगइन हे तीन रकाने काढून बघा. प्लगइन या रकान्यात त्या युजरची रीत लिहिलेली असते.

ती कॅशिंग_शा२_पासवर्ड असेल तर क्लायंटला ती यायला हवी. पीएचपीला ती ७.४ पासून येते. पीएचपी ७.१.१६ च्या आधीच्या आणि ७.२ मध्ये ७.२.४ च्या आधीच्या आवृत्त्यांचा प्रश्न वेगळा आहे. युजर जुन्या रीतीचा असला तरी सर्व्हरने सुरुवातीला नव्या रीतीचं नाव घेतलं एवढ्यानेच त्या अडतात. नोडमध्ये ‘मायएसक्यूएल’ या नावाच्या जुन्या पॅकेजला नवी रीत येत नाही, ‘मायएसक्यूएल२’ला येते. जावात ‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’ असा संदेश आला तर कारण हेच.

या रीतीचा एक विचित्र अनुभव तुम्हाला येऊ शकतो. जोडणी आठवडाभर नीट चालते, सर्व्हर रिस्टार्ट केला की २०६१ येतो, आणि कुणीतरी टर्मिनलवरून त्याच युजरने एकदा लॉगिन केलं की पुन्हा चालू होते. यात भुताटकी काही नाही. ओळख एकदा पूर्णपणे पटली की सर्व्हर ती मेमरीत धरून ठेवतो आणि पुढच्या वेळी झटपट आत घेतो. रिस्टार्टनंतर मेमरी रिकामी होते. मग पहिली ओळख सुरक्षित मार्गानेच पटवावी लागते, म्हणजे टीएलएस (वाटेतला संवाद कुलूपबंद करणारी पद्धत), सॉकेट किंवा सर्व्हरची सार्वजनिक किल्ली. तुमच्या एक्स्टेंशनची जोडणी यातलं काहीच वापरत नसेल तर ती दुसऱ्या कुणीतरी दार उघडण्याची वाट बघत राहते. जोडणीत टीएलएस चालू करा, प्रश्न कायमचा मिटेल. दुसऱ्या मशीनवर फार जुनी क्लायंट लायब्ररी असेल तर टीएलएसमध्येही अडचण येते. मायएसक्यूएल ८.०.२८ पासून टीएलएस १.० आणि १.१ बंद आहेत, किमान १.२ लागतं.

सगळीकडे सांगितला जाणारा झटपट उपाय म्हणजे युजरला परत मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्डवर नेणं. ८.० वर तो चालतो. पण ८.४ मध्ये ही रीत मुळात बंद ठेवलेली आहे, मुद्दाम चालू केली तरच चालते, आणि ९.० मधून ती काढूनच टाकली आहे. ८.४ वर गेल्यावर १५२४ आला तर समजा की कुणीतरी पूर्वी हाच झटपट उपाय केलेला होता. अगदीच नाइलाज असेल तर तो तात्पुरता करा आणि कोड बदलायची तारीख त्याच दिवशी ठरवा.

१०४५ असेल तर युजरबरोबर होस्टही बघा. मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नाव आणि होस्ट यांची जोडी. ‘ग्रंथ’ लोकलहोस्टवरून आणि ‘ग्रंथ’ दुसऱ्या मशीनवरून हे दोन वेगळे युजर आहेत, त्यांचे पासवर्डही वेगळे असू शकतात. आणखी एक. ५.७ मध्ये ग्रँटच्या, म्हणजे परवानगी देणाऱ्या कमांडच्या, एकाच ओळीत नवा युजर तयार व्हायचा. ८.० मध्ये आधी क्रिएट युजर आणि मग ग्रँट, असं दोन ओळींत करावं लागतं. जुनी इन्स्टॉल स्क्रिप्ट इथे फसते, युजर तयारच होत नाही आणि आपण न झालेल्या युजरचा पासवर्ड तपासत बसतो.

प्लगइनमध्ये रूट युजर घातलेला सापडला तर ही संधी साधून तो काढा. वाचनालयाच्या प्लगइनला वाचणं, नोंद घालणं आणि नोंद बदलणं एवढंच हवं होतं. तेवढ्याच परवानग्यांचा युजर आम्ही केला.

पायरी ७: बोली जुळते का

आता तो १२३१. आमचं प्लगइन जोडणी करता करताच सर्व्हरला एसक्यूएल_मोड, म्हणजे क्वेरी कुठल्या नियमांनी वाचायच्या याची यादी, ठरवून देत होतं. त्या यादीत नो_ऑटो_क्रिएट_युजर असा एक शब्द होता. पाच-सहा वर्षांपूर्वी कुठल्यातरी उदाहरणातून तो कोडमध्ये आला असणार. ८.० ने हा शब्द काढून टाकला आहे. सर्व्हरने जोडणी स्वीकारली, ओळख पटवली, आणि पहिलंच वाक्य न कळल्यामुळे पीडीओने पूर्ण जोडणीच फसली असं कळवलं. तो शब्द खोडला आणि ‘पुस्तक शोधा’ पुन्हा चालू झालं.

तुमच्याकडे जोडणी होते पण ठरावीक क्वेरी फसत असेल तर राखीव शब्द बघा. ८.० मध्ये रँक, ग्रुप्स, सिस्टम, विंडो हे शब्द राखीव झाले. यातल्या नावाचा रकाना असेल तर क्वेरीत तो उलट्या अवतरणांत घालावा लागतो.

मराठी साइटवर मात्र खरी परीक्षा जोडणी चालू झाल्यावर होते. पान उघडलं आणि पुस्तकांची नावं प्रश्नचिन्हं झाली, किंवा स्वरचिन्हं लावलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसली, तर घाबरू नका आणि काहीही सेव्ह करू नका.

सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत म्हणजे यूटीएफ-८ (मायएसक्यूएलमध्ये तिचं पूर्ण रूप यूटीएफ८एमबी४); देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिच्यात ३ बाइट घेतं. मायएसक्यूएल ५.७ चा मूळ कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन१ होता, तो रोमन लिपीपुरता आहे. ज्या जुन्या प्लगइनांनी जोडणीचा कॅरेक्टर सेट कधी सांगितलाच नाही, त्यांनी वर्षानुवर्षं मराठीचे बाइट लॅटिन१ च्या वाटेने आत टाकले आणि त्याच वाटेने बाहेर काढले. दोन्ही वेळा चूक एकच असल्याने पानावर मराठी नीट दिसत राहिलं. ८.० चा मूळ सेट यूटीएफ८एमबी४ झाला, बाहेर यायची वाट बदलली आणि जुनी चूक उघडी पडली. डेटा गेलेला नाही, त्याच्यावर लेबल चुकीचं आहे.

प्रश्नचिन्हांचं कारण उलटं असतं. टेबल यूटीएफ-८ मध्ये बरोबर आहे आणि जोडणी अजून लॅटिन१ ची आहे. लॅटिन१ मध्ये देवनागरी नाहीच, म्हणून सर्व्हर प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह देतो. प्लगइनमध्ये जोडणी झाल्याबरोबर कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ सांगा, अक्षरं परत येतील. पण अशा स्थितीत कुणी फॉर्म उघडून सेव्ह केला तर ती प्रश्नचिन्हंच डेटाबेसमध्ये जाऊन बसतात, आणि मग बॅकअपशिवाय इलाज नाही. आम्ही तपासणी संपेपर्यंत नोंदी बदलण्याचं पान बंद ठेवलं होतं.

चुकीच्या लेबलाचा रकाना दुरुस्त करायचा असेल तर तो थेट लॅटिन१ वरून यूटीएफ८एमबी४ करू नका. तसं केलं तर सर्व्हर त्या बिघडलेल्या अक्षरांनाच खरं मानून त्यांचं रूपांतर करतो. आधी रकाना बायनरी करा, टेक्स्ट असेल तर ब्लॉब आणि व्हारचार असेल तर व्हारबायनरी. मग तो यूटीएफ८एमबी४ चा टेक्स्ट किंवा व्हारचार करा. बायनरी केल्याने सर्व्हर बाइटना हात लावत नाही, फक्त लेबल बदलतं. हे आधी टेबलाच्या प्रतीवर करायचं. जोडाक्षरं, ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ असलेली दहा-वीस नावं डोळ्यांनी तपासायची, आणि मगच खऱ्या टेबलावर. आमच्या यादीत २०२० नंतरच्या काही नोंदी एका नव्या फॉर्ममधून बरोबर यूटीएफ-८ मध्ये गेलेल्या होत्या. एकाच रकान्यात दोन प्रकारचा मजकूर मिसळला होता, म्हणून त्या ओळी वेगळ्या काढून दुरुस्ती करावी लागली. तुमच्याकडे असं आहे का, हे आधी बघा.

शेवटची आवराआवर

चाचणीची पीएचपी फाइल पुसा. डीबगचे पर्याय बंद करा आणि डीबग.लॉग काढून टाका. शोधाशोधीत तयार केलेले जादा युजर काढा. पासवर्ड लॉगमध्ये दिसला असेल तर तो बदला. जी ओळ बदलली तिच्या शेजारी कोडमध्येच तारीख आणि कारण लिहा.

त्यानंतर मशीन एकदा पूर्ण रीबूट करा आणि ब्राउझरमधून, तसंच क्रॉनमधून, दोन्ही वाटांनी प्लगइन चालतं का ते बघा. सतत चालू राहणारी एखादी वर्कर स्क्रिप्ट असेल तर तिच्याकडेही लक्ष द्या. डेटाबेस रिस्टार्ट झाला की तिच्या हातातली जुनी जोडणी मेलेली असते आणि ती २००६ (जोडणी तुटली आहे) देत राहते. नुसती वापरात नसलेली जोडणीसुद्धा सर्व्हर २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी, स्वतःहून तोडतो. अशा स्क्रिप्टमध्ये २००६ आल्यावर पुन्हा जोडणी करणारी चार ओळींची सोय ठेवा. आमच्या आरक्षणाच्या स्क्रिप्टमध्ये ती नव्हती, आणि ते कळलं चौथ्या दिवशी, एका वाचकाने फोन करून राखून ठेवलेल्या पुस्तकाचा निरोप का आला नाही असं विचारलं तेव्हा.